डब्याचा वायपर

ओल्या रबराला एक वास असतो. थोडा खोडरबराचा, थोडा गरम पाण्याच्या पिशवीचा, थोडा पावसात भिजलेल्या शाळेच्या दप्तराचा. जूनमधल्या एका सकाळी तोक्योजवळच्या ग्योतोकुत, आमच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये मी वायपरचं पातं नाकाशी धरून उभी होते. समोरच्या बाल्कनीत, कपडे बाहेर टाकावेत की नाही या विचारात असलेल्या जपानी बाईंनी ते पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे आभाळाकडे नजर वळवली.

गाडीचं नाव डबा. पांढरा, चौकोनी, सात जणांचा, झाकण कुठून उघडायचं असा प्रश्न पडावा असा. कागदोपत्री तो आमचा आहे, पण तसा तो कुणाचाच नाही. बँकेतली, व्यापारी कंपन्यांतली, तोयोसुच्या काचेच्या मनोऱ्यांत दिवसभर पडद्याकडे बघणारी मराठी माणसं इथे काही वर्षांसाठी येतात आणि परत जातात. आम्हीच जरा जास्त राहिलो. जाणाऱ्याने येणाऱ्याला काय काय द्यायचं हे कुणी ठरवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. मोठा कुकर, पुरणयंत्र, हिवाळ्यातल्या रजया आणि डबा. आम्हाला तो सुमतीताईंकडून मिळाला, त्यांना त्यांच्या आधीच्यांकडून. आता आमची जायची पाळी. माझ्या नवऱ्याची, आनंदची, नोकरी संपत आली. दिवाळीला आम्ही पुण्यात असू.

या वेळी येणारी म्हणजे गौरी. तिला आठ महिन्यांची मुलगी आहे आणि नुकतंच लागलेलं काम आहे. पाळणाघरात जागा मिळाली ती मात्र पार दुसऱ्या टोकाला, जिथे सायकलवर जायचं तर कोरड्या दिवशीच. पावसात बाळाला घेऊन तिथे पोचायचं तर डबा हवा, नाहीतर काम सोडायचं. तिने डबा चालवून पाहिला, तिला तो आवडला. मग पाऊस आला आणि तिने वायपर लावला.

बाळ दचकून उठलं. काच एकदा पुसली गेली की ते एकदा रडायचं, इतक्या शिस्तीत की ऐकणाऱ्याला यंत्र कुठलं आणि बाळ कुठलं ते कळू नये. परत आल्यावर गौरी म्हणाली, "काकू, गाडी छान आहे हो. पण हा आवाज रोज ऐकून ही झोपणंच सोडून देईल." किल्ली तिने माझ्या हातात दिली ती जरा घाईनेच.

डब्याची सरकारी तपासणी या महिन्याअखेर होती. घेणारं कुणी असेल तर ती करून घेण्यात अर्थ. नसेल तर एक माणूस टेम्पो घेऊन येणार, वाकून नमस्कार करणार आणि डबा भंगारात नेणार. आनंदने मन तयार करून ठेवलं होतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "वय झालंय त्याचं."

"आपलंही झालंय."

"आपल्याला कुणी तपासणीला नेत नाही."

"तुला दरवर्षी नेते की कंपनी."

त्यावर तो पेपर वाचू लागला. मी छत्री घेऊन खाली गेले.

सुमतीताईंच्या काळात डबा कोरड्या दिवशी फारसा बाहेर निघायचाच नाही. इथे कोरड्या दिवसासाठी सायकल आहे, आगगाडी आहे. मुलांची शाळा पलीकडे कोतोत, नदी ओलांडून. एरवी मुलं आगगाडीने जायची; पण सकाळी पावसाने जोर धरला की सुमतीताईंचा फोन यायचा, "पोरं खाली पाठव गं." आणि डबा निघायचा. त्यामुळे त्या वर्षांची माझी प्रत्येक आठवण ओली आहे. ऊन असलेला एकही दिवस मला आठवत नाही. पडले असतीलच, पण त्या दिवशी आम्ही डब्यात नव्हतो.

आत चढलं की वास यायचा तो आधी ओल्या मोज्यांचा. मग मेथीच्या पराठ्यांचा, मग हिंगाचा, कारण वाण्याच्या दुकानातून आणलेली हिंगाची डबी कधीतरी मागच्या सीटखाली सांडली होती आणि ती सीट जगातल्या कुठल्याही साबणाला दाद देत नव्हती. काचा धुक्याने भरलेल्या. मुलं त्यावर बोटांनी चेहरे काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. सुमतीताई सीट अगदी पुढे ओढून, चक्राला पोट टेकेल अशा बसायच्या. मूळच्या सांगलीच्या. आवाज असा की खिडकी बंद असली तरी शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघायचा. गाडी मात्र चालवायच्या मऊ, दुधाचं पातेलं नेत असल्यासारखी.

आणि वायपर. वर जाताना काही बोलायचा नाही. खाली येताना खडखडायचा, आणि सुमतीताईंच्या डोळ्यांसमोर आला की एका ठरावीक जागी कर्र करून किंचाळायचा. खडखड, कर्र, खट्. शांतता. खडखड, कर्र, खट्.

या तालावर सुमतीताईंनी पाढे बसवले. मुलं घरी जपानीत भांडायची, शाळेत इंग्रजीत उत्तरं द्यायची. मराठीत काही विचारलं तर मान हलवायची. सुमतीताईंनी भाषेचं भाषण कधी दिलं नाही. त्या फक्त म्हणायच्या, "वायपर चुकत नाही, बघू तुम्ही चुकता का." शांततेत "बे एके", कर्रवर "बे". शांततेत "बे दुणे", कर्रवर "चार". पूल चढताना बारापर्यंत, पूल उतरताना एकोणीसपर्यंत. एकोणतीसचा पाढा आला की पोरं आपोआप गप्प व्हायची आणि सुमतीताई एकट्याच म्हणायच्या. पाऊस वाढला, वायपर जोरात सुटला की पाढेही धावायचे आणि सगळी पोरं हसून हसून सीटवर लोळायची. शाळेच्या फाटकाशी वायपर थांबायचा. पाढा जिथे असेल तिथे. माझ्या मुलीचा, मुक्ताचा, सतरा सक असा कित्येक दिवस अर्धवट लोंबकळत राहिला होता.

मुक्ता आता ओसाकात नोकरी करते. तिच्या हाताखाली जपानी माणसं आहेत, त्यांच्याशी ती किती वाकून बोलते ते मला फोनवरही दिसतं. पण दुकानात हिशेब करताना तिचे ओठ हलतात आणि त्यातून येतं ते मराठी येतं. दुसरं फार काही मराठी उरलेलं नाही.

आता दुरुस्ती. पहिला संशय नेहमीच रबरावर जातो. ते कडक झालं, कडा फाटली, की काचेवरून सरकायचं सोडून उड्या मारतं. मी गाड्यांच्या दुकानातून नवीन रबर आणून घातलं. जुन्याची रबरी पट्टी जळणाऱ्या कचऱ्यात, आतली पोलादी काडी न जळणाऱ्यात, दोघींचे वार वेगळे. पाण्याची झारी काचेवर ओतली, वायपर लावला. खडखड, कर्र, खट्. नव्या रबराने जुनी भाषा एका दमात उचलली होती. आमच्या पोरांपेक्षा बरं म्हणायचं.

आनंद बाल्कनीतून पाहत होता. त्याने विचारलं, मुळापासून विश्लेषण केलंस का. तीस वर्षं कचेरीत बसलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट बिघडली की एक फळा आणि चार रंगांची पेनं दिसू लागतात. मी म्हटलं, केलं, मूळ काचेवर आहे आणि तू वर आहेस.

मग मी एक साधी गोष्ट केली, इतक्या वर्षांत जी कुणीच केली नव्हती. वायपर बंद केला आणि ऐकलेलं आठवलं. वर जाताना गप्प, खाली येताना खडखड. म्हणजे रबर एका बाजूला झुकतं आणि परतताना उलट्या बाजूला वळत नाही. पातं काढून दांडीचं टोक पाहिलं तर ते खरंच जरासं पिरगळलेलं होतं. ते काचेशी काटकोनात असायला हवं. पान्याला फडकं गुंडाळून मी ते हळूहळू, घाबरत घाबरत सरळ केलं. दात काढताना दंतवैद्य जसा धीर देतो तसा डब्याला धीर देत होते. पुन्हा पाणी, पुन्हा वायपर. खडखड गेली. उरला फक्त कर्र.

दांडी आधीपासूनच थोडी वाकडी असणार; त्यात भर कधी पडली याचा मला एक अंदाज आहे. सुमतीताई परत निघाल्या तेव्हा आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी पार्किंगमध्ये निरोप समारंभ ठेवला. शाल, श्रीफळ, ध्वनिक्षेपक. पाऊस भुरभुरत होता. अध्यक्ष डब्याच्या वायपरवर एक हात रेलून उभे होते आणि दोन देशांच्या मैत्रीच्या पुलाबद्दल बोलत होते. पूल त्यांनी आशिया खंडाच्या मध्यापर्यंत नेला असेल, तेव्हा सुमतीताई गाडीत जाऊन बसल्या. बसायचं निमित्त, गुडघे दुखतात. आणि मग वायपर लागला. अध्यक्षांचा हात आधी वर गेला, मग खाली आला. ते तरीही बोलत राहिले. त्यांच्यात ती ताकद होती. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी डबा कर्र म्हणू लागला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी पोरगं हळूच म्हणालं, "चार." मग दुसरं, "सहा." समारंभ पाढ्यांवर संपला. सुमतीताई काचेमागे निर्विकार बसल्या होत्या. शाल मांडीवर, नारळ शेजारच्या सीटवर, त्यालाही पट्टा लावलेला.

तर कर्र. तो एकाच जागी येत होता, म्हणजे दोष रबराचा नाही, काचेचा. मी ती जागा बोटाने चाचपली; काही लागलं नाही. पाणी ओतलं, तर बाकी सगळीकडे ते सपाट पसरून वाहिलं आणि तिथे मात्र थेंब थेंब होऊन थबकलं. मग मी काचेशी तोंड नेलं आणि हा करून श्वास सोडला.

काचेवर स्वस्तिक उमटलं.

एक नाही. एकावर एक, जरा इकडे सरकलेली, जरा तिकडे. एकही सरळ नव्हतं. श्वास विरला तशी ती गेली. पुन्हा श्वास सोडला, पुन्हा आली.

दसरा. दर दसऱ्याला सुमतीताई डब्याची पूजा करायच्या. झेंडू इथे वेळेवर मिळेलच असं नाही, म्हणून त्या शेवंतीचा हार आणायच्या, पिवळा-पांढरा. पहिल्या वर्षी शेजारचे म्हातारे जपानी काका सायकल थांबवून उभे राहिले. जपानी नकाशात स्वस्तिकासारखी खूण म्हणजे देऊळ, आणि शेवंती हे इथलं अंत्यविधीचं फूल. दोन्ही एकत्र पाहून काकांनी निष्कर्ष काढला, टोपी काढली आणि डब्यासमोर हात जोडून त्याच्या आत्म्याला शांती चिंतली. सुमतीताईंनी त्यांना पेढा दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, दुःखी चेहऱ्याने. पुढच्या दसऱ्याला डबा तिथेच उभा पाहून त्यांना किती बरं वाटलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण येताना संत्री आणली होती.

कुंकू काचेवरच लावायचं, चालवणाऱ्याच्या समोर. देवाला कळायला हवं कोण चालवतंय, असं सुमतीताईंचं म्हणणं. देवाची नजर इतकी अधू असेल असं मला वाटत नव्हतं, पण त्यांच्यानंतर दसऱ्याला ताट घेऊन खाली मीच जात राहिले. गाडी त्यांची, तिची रीत तिच्याबरोबर आलेली. आणि वर आनंदने एकदा एक चकचकीत बाटली आणली, काचेवर पाणी थांबू न देणारी, विज्ञानाची अखेरची पायरी असल्यासारखी. ती त्याने या सगळ्यावर चोळली. खाली श्रद्धा, वर तंत्रज्ञान. वायपर बिचारा दोघांच्या कात्रीत किंचाळत होता.

मी सांगलीला फोन लावला. सुमतीताई आता मुलाकडे असतात. ऐकायला कमी येतं, त्यामुळे बोलतात मात्र पूर्वीपेक्षाही जोरात.

"सुमतीताई, तुम्ही कुंकू कशात कालवायचात?"

"कशात म्हणजे? खोबरेलात. पाण्यातलं तिथल्या वाऱ्याने सुकून उडतं. का गं?"

मी सांगितलं. रबर, दांडी, पाणी, श्वास, सगळं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी दार लोटलं.

"म्हणजे इतकी वर्षं मीच ओरडत होते म्हण की," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. सांगलीहून हसलेलं इथल्या पार्किंगमध्ये ऐकू आलं असेल. मग विचारलं, "पुसलंस?"

"पुसायला घेतेय. गौरीचं बाळ झोपत नाही. आवाज राहिला तर ती घेणार नाही गाडी."

त्यांनी पलीकडे कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितलं.

"पूस," त्या म्हणाल्या. "पोर झोपलं पाहिजे. चोळून पूस, खोबरेल असं जात नाही."

खरंच जात नाही. काचेवरचा तेलाचा थर काढायची पांढरी लापशीसारखी पेस्ट मिळते. ओल्या स्पंजावर घेऊन गोल गोल घासायची. आधी पेस्ट काचेला धरतच नाही, फाटल्यासारखी सरकते. जिथे धरू लागते तिथे काच स्वच्छ झाली असं समजायचं. पाऊस भुरभुरत होता, हूडवर टपटपत होता. मी घासत होते. एखादं वर्ष पटकन जायचं, एखादं चिवट निघायचं. कुठलं कुणाचं ते ओळखू येत नव्हतं. मुक्ता शाळेची टोपी हरवून आली ते वर्ष, आम्ही गणपतीची मूर्ती मांडीवर धरून हॉलवर नेली ते वर्ष, सुमतीताईंनी पुलावर गाडी थांबवून फक्त नदी बघितली आणि का ते सांगितलं नाही ते वर्ष. सगळी त्याच पांढऱ्या फेसात. शेवटी झारीभर पाणी ओतलं. ते एक सलग पडदा होऊन खाली आलं, कुठेही न अडखळता.

वायपर लावला. वर गेला. खाली आला. काही नाही.

मी गाडीत जाऊन बसले. बाहेर पाऊस दिसत होता, वायपर दिसत होता, आणि आत इतकी शांतता की सीटखालच्या हिंगाचा वासही मोठा वाटला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, मी वाट पाहतेय. बे एके म्हणून झाल्यावर पुढच्या बेची.

संध्याकाळी मुक्ताला सांगितलं. तिने आधी जपानीत ते मोठं "हेऽऽ" काढलं. मग इंग्रजीत, इतकी वर्षं कुणीच शोधलं नाही, कमाल आहे. मग विचारलं, "माझंपण पुसलं?"

"तुझं कुठलं?"

तिचं एक होतं. कुठल्याशा दसऱ्याला सुमतीताईंनी तिला उचलून धरलं होतं, बोट कुंकवात बुडवून दिलं होतं. सुमतीताई डावीकडे उभ्या होत्या, म्हणून तिने ते डावीकडेच काढलं, अगदी वर, हात पोचेल तिथे. तिला ते आठवत होतं. मला नाही.

सकाळी मी पायरीचं स्टूल घेऊन खाली गेले. डब्याच्या काचेवर डावीकडे वर एक तिकोनी कोपरा आहे. दोन्ही वायपर कमान काढून जातात आणि तो तसाच राहतो. पावसात सगळी काच निवळली तरी तिथे थेंब बसलेले असतात. मी तिथे श्वास सोडला. एक लहानसं, पाय उलट्या बाजूला वळलेलं स्वस्तिक आलं. स्पंज बादलीत होता. मी बादली उचलून घरी आले.

डबा तपासणीत पास झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या तपासनिसाने काच पाहून वाखाणली, अगदी नव्यासारखी. गौरीने भर पावसात बाळाला घेऊन पाळणाघरापर्यंत फेरी मारली आणि परत आली ती दार अलगद लावत. मागे बाळ तोंड उघडं टाकून झोपलं होतं.

कागद झाले त्या दिवशी ती ताट घेऊन आली. हळद, कुंकू, नारळ, शेवंतीचा हार. शेवंतीबद्दल मी काही बोलले नाही. काका अजून सायकलवरून जातात, संत्री आणतील. ताटात खोबरेलाची छोटी बाटलीही होती.

"पाण्यातलं इथे टिकत नाही म्हणे," गौरी म्हणाली. "आईने सांगितलंय. काकू, कुठे लावू? इथे, समोर?"

तिचा अंगठा काचेपासून वीतभर अंतरावर होता.

"तिथे नको," मी म्हटलं. "डावीकडे, वर. त्या कोपऱ्यात."

"तिकडे का?"

"तिथे आधीचं एक आहे."

तिला काहीच दिसलं नाही, तरी तिने हात तिकडे नेला. हात पोचेना, म्हणून टाचा उंचावल्या. बाळ माझ्या कडेवर होतं, माझ्या चष्म्याशी खेळत. नारळ फुटला, पाणी चाकावर पडलं, आणि मग पाऊस आलाच. गौरीने आत बसून वायपर लावला. तो वर गेला, कुंकवाच्या बोटभर अलीकडे थांबला आणि काही न बोलता मागे फिरला.